त्रेचाळीस कार्डं, एकच अक्षर

रेल्वे लाइन्स, सोलापूर
मंगळवार, १० सप्टेंबर २०२४

माननीय वैदेहीताई,

खडाखड, खडाखड असा एक आवाज आज सकाळपासून माझ्या कानात आहे. करमाळ्याला आमच्या आळीत देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा माणूस सायकलवरून यायचा. तिच्या चेनकव्हरचा एक स्क्रू कधीच पडून गेला होता. तो खडखडाट कोपऱ्यावर आला की आम्ही पोरं ज्वारीच्या कणगीमागे दडायचो. मी सात वर्षांचा असेन. तो माणूस स्पिरिटच्या दिव्यावर आपली दातेरी चकती तापवायचा, निवू द्यायचा, मग दंडावर टेकवून फिरवायचा. पाटीवर पेन्सिल उभी धरली की जसं कुरकुरतं तसं व्हायचं. माझ्या डाव्या दंडावरचे ते दोन वण तुम्हाला ठाऊक आहेत. लहानपणी तुम्ही त्यांना 'बाबांची बटणं' म्हणत होतात आणि ती लावायला, काढायला बघत होतात.

आता तुम्ही म्हणाल, बाबा नेहमीसारखे भूतकाळात गेले. गेलो नाही. तुमच्याच दारात उभा आहे. त्या माणसानं माझ्या आईची परवानगी घेतली नव्हती, कागदावर अंगठाही नाही. पण आठव्या दिवशी तो खपली बघायला परत आला. "पोरगं जेवतंय का?" असं विचारून गेला. तुमच्या लशीच्या कंपनीचं कोण आलं वळसंगला?

आलं ते पत्र. इंग्रजीत. एकसारखी त्रेचाळीस पत्रं. धुळाप्पा काल ते घेऊन एसटीनं माझ्याकडे आला. शाळेत माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, आता त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या आहेत. घरी गणपती बसलेला, आणि हा सकाळच्या गाडीनं इकडे.

"मास्तर, आमी नापास झालो का?" त्यानं विचारलं.

"नाही रे."

"मग तिसऱ्या डोसला येऊ नका म्हंत्यात, ते का म्हून?"

मी पत्र वाचलं. सगळ्या वळसंगची नोंद बाजूला ठेवली आहे, चौकशी होईपर्यंत कोणाला काही टोचणार नाही, गैरसोयीबद्दल खेद आहे. एवढंच. ज्यांनी डेंग्यूची नवी लस स्वतःच्या दंडावर करून बघायला दिली, त्या माणसांना तुम्ही कळेल अशा भाषेत दोन ओळी लिहू शकला नाहीत.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. दवाखान्यातनं आल्यापासनं भाकरी थापती, समदं करती. पण तुमचं नाव निगालं की गप बसती."

मी त्याला चहा दिला.

शुक्रवारी तुमचा फोन आला. हैदराबादेहून, सव्वा मिनिट. "बाबा, वळसंगची सगळी कार्डं तुमच्या अक्षरात आहेत. मी ते वर कळवलंय." आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी सोळा वेळा लावला, तुम्ही उचलला नाही, म्हणून हे पत्र. लिहिलेलं तरी तुम्ही वाचता, हे आता सिद्ध झालेलं आहे.

'वळसंग'मधला हा 'ळ' तू चार वर्षांची असताना मी तुझा हात धरून गिरवून घेतला होता. तुझ्या कचेरीत पडद्यावर ती कार्डं एकामागून एक उघडली असतील, आणि तुला तो ओळखू आला. बरं, आला. मग आधी मला विचारायचंस. बापाला विचारायचंस, की हे काय आहे. तू आधी साहेबाला सांगितलंस.

आणि मी केलं तरी काय? डोस घेतल्यावर सात दिवस रोज प्रत्येकानं कार्डावर लिहायचं, ताप किती, दंड दुखतो का, अंगावर काही उठलं का. ज्यांनी आयुष्यात पेन धरला नाही अशा माणसांच्या हातात तुम्ही सात रकान्यांचं कार्ड दिलंत. मी फक्त ते नीट लावून दिलं. त्या उत्कर्षाला, जी तीन गावं एकटी स्कूटीवर फिरून सांभाळत होती, तुम्ही लोकांनी कामावरून काढलंत. तिनं मला कार्डं दिली एवढाच तिचा गुन्हा. हे तुमच्या माहिती गुणवत्ता विभागाच्या गुणवत्तेत बसतं का, ते कळवावं.

आपला,
वेणीमाधव (साक्षीदार)


शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

वैदेही,

तुझं पाकीट मिळालं. समितीचा छापील अर्ज आणि त्याला टाचलेली तुझी पाच ओळींची चिठ्ठी. अर्ज मी टेबलावर ठेवला आहे, कोरा. चिठ्ठी पाठ झाली आहे. मुद्दाम केली नाही, सवयच आहे.

"बाबा, मला या कामावरून बाजूला केलं आहे. वडिलांचं मला आधीपासून माहीत होतं, असा संशय आहे. त्याचं राहू द्या. मथुराबाईंना पहिल्या डोसनंतर काही झालं होतं का, एवढंच खरं लिहा. २६ तारखेला समिती बसणार. बाकी चार शहरांत अकराशे माणसं तिसऱ्या डोससाठी थांबली आहेत. तो त्यांना द्यायचा की नाही, ते या उत्तरावर अडलंय."

किती कोरडं लिहितेस गं तू. सहावीत असताना पावसावर निबंध लिहायला सांगितला तर आठ पानं लिहिली होतीस.

मी अर्ज भरणार नाही. का, तेही सांगतो. हा अर्ज मला आरोपी समजून लिहिलेला आहे. वळसंगच्या लोकांना तुझ्या लशीपाशी आणलं कोणी? तुझ्या कंपनीनं नाही. जूनमध्ये चाचणीचे डॉक्टर मृत्युंजय त्यांचा पडद्यावरचा चित्रांचा कार्यक्रम घेऊन आले, तेव्हा समोर सात माणसं होती, आणि त्यातली तीन पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आली होती. बाहेर पारावर बोलणं काय चाललं होतं? "डीएनएची लस हाय म्हनं. रक्त बदलतंय. पुढची पोरं आपली राहत न्हाईत." मी वळसंगला बावीस वर्षं शिकवलं, मला तिथं कोणी खोटं समजत नाही. मी उठलो.

मी म्हटलं, यात डेंग्यूचा विषाणू नाही. जिवंत नाही, मेलेलाही नाही. त्याच्या अंगावर एक खूण असते, ती खूण कशी बनवायची त्याचा नुसता नमुना, एका गोल धाग्यावर लिहिलेला. आपल्या पेशी तो वाचतात, ती खूण घडवतात, आणि शरीर ती बघून ठेवतं. खरा चोर आला की ओळखतं. तुमच्या स्वतःच्या वंशाच्या वहीत कोणी काही लिहीत नाही, शेजारी एक चिठ्ठी ठेवली जाते आणि ती काही दिवसांनी विरून जाते. हे सगळं मी तुझ्याकडूनच ऐकलेलं, पूर्वी, जेवताना, जेव्हा आपण तिघं एका टेबलावर जेवत होतो. मग चार ओळी सुचल्या, त्याही म्हटल्या, चालीवर:

इवली अंगठी, आत निरोप,
पेशीच्या दारी ठेवा;
शत्रूचे नुसते चित्र पाहुनी
सैन्य जागते तेव्हा.

दुसऱ्या वेळेला बायांनीही म्हटल्या. डॉक्टर मृत्युंजय हसले आणि म्हणाले, "सर, हे प्रोटोकॉलमध्ये नाही हो." मी म्हटलं, "आमच्या पुस्तकातही पुष्कळ काही नव्हतं." आठवडाभरात त्रेचाळीस नावं झाली.

मथुराबाईचं नाव पहिलं. तुला ती कोण हे सांगायला हवं. धुळाप्पाची आई, वय चोपन्न. शाळेत कधी गेली नाही. तीन वर्षांपूर्वी तिची नात डेंग्यूनं गेली, चौथीतली. वळसंगला नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, त्यामुळे घराघरात पिंपं भरलेली, आणि त्या पिंपांत डास. मथुराबाई मला म्हणाली, "मास्तर, माज्या दंडाचा काय उपेग झाला तर होऊ द्या. पोरीच्या येळंला कुनी काय करू शकलं न्हाई." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक निःपक्षपाती साक्षीदार लागतो, त्याच्यासमोर सगळा कागद वाचून दाखवायचा, मग अंगठा. तिचा साक्षीदार मी झालो. एकोणीस जणांचा झालो. कंपनीत नात्याचं कोणी आहे का, असा एक रकाना होता. मी 'नाही' लिहिलं. माझं नातं मुलीशी आहे, कंपनीशी नाही, असा मी त्या वेळी अर्थ लावला.

बघ, हे मी आपण होऊन सांगितलं. आता कार्डांचं. आमच्या काळी तपासणी जाहीर झाली की आधीच्या शनिवारी सगळे गुरुजी ओट्यावर बसायचे. हजेरी, टाचण, प्रगतिपुस्तकं, जिथे जिथे रकाना रिकामा असेल तो भरायचा, एका शाईनं, एका हातानं. याला कोणी खोटेपणा म्हणत नव्हतं. साहेबाला रिकामा रकाना दिसू नये, एवढीच रीत. १२ ऑगस्टला मी वळसंगच्या शाळेच्या ओट्यावर बसलो आणि त्रेचाळीस कार्डं तशीच पुरी केली. एकेकाला हाक मारली, "काय झालं का रे?" बहुतेकांनी "काय न्हाय" म्हटलं. सात रकाने, सात वेळा 'त्रास नाही'. एका बैठकीत झालं. शेवटी बोटं वळत नव्हती.

यात कोणाचं वाईट झालं ते सांग. मथुराबाई आता बरी आहे, धुळाप्पाच म्हणाला.

बाबा


बुधवार, १८ सप्टेंबर २०२४

वैदेही,

काल विसर्जन झालं. आज गल्लीत गुलालाचा चिखल आहे. सकाळी उठून उत्कर्षाच्या घरी गेलो, विडी घरकुल वसाहतीत. मनात होतं की तिला धीर द्यावा, आणि तुझ्या कंपनीला एक खरमरीत अर्ज दोघांच्या सह्यांनी लिहावा. मसुदा खिशात होता.

तिची आई दारात विड्या वळत बसली होती. आमच्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलली आणि आत गेली. उत्कर्षानं खुर्ची पुसून दिली.

"सर, कार्डं मी तुम्हाला द्यायला नको होती," ती म्हणाली. "ती चूक माझीच. मला मुस्तीला जायचं होतं, पुढे धोत्रीला. मला वाटलं, सर आहेत."

"तुला अन्यायानं काढलं," मी म्हटलं. "मी लिहिणार आहे."

"ते राहू दे सर. एक विचारू?"

"विचार."

"मथुराबाईंना पहिल्या डोसला पित्त उठलं होतं. त्यांच्या सुनेनं मला आता सांगितलं. तुम्ही सात तारखेला तिथं गेला होता, तुम्ही बघितलं होतं. मग मला का नाही सांगितलं? दुसरा डोस मी अडवला असता ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं पडलं असतं. मी मसुदा खिशातच ठेवला आणि परत आलो. बसमध्ये उभा होतो, कोणी जागा दिली तरी बसलो नाही.

तर मी गेलो होतो. ५ ऑगस्टला पहिला डोस झाला. सुई नाही, नुसती स्प्रिंगची पिचकारी दंडाला टेकवायची आणि टक्, की औषध कातडीत. बाया हसत होत्या, "एवढंच व्हय?" ७ तारखेला बुधवारी मी सहज चक्कर टाकली. मथुराबाई परसात बसली होती. डोळे सुजून फटी राहिल्या होत्या. हातावर, मानेवर, पोटऱ्यांवर लाल गांध्या. सून आमसुलाचं पाणी चोळत होती.

"काय झालं हे?"

"पित्त उठलंय मास्तर. खाज लई हाय. त्या टक्कीनं झालं का वो?"

मी काय म्हणालो ते लिहितो. मी विचारलं, "काल काय खाल्लं?" ती म्हणाली, "वांगं." मी म्हटलं, "मग वांग्यानंच. वांग्यानं उठतं." तिला ते पटलं, कारण मी सांगितलं. आणि १२ तारखेला ओट्यावर तिचं कार्ड हातात आलं तेव्हा मी तिला हाक मारलीच नाही. सात वेळा 'त्रास नाही' लिहून मोकळा झालो. इतरांच्या बाबतीत मी आळशी होतो, अति टापटीप होतो, काय म्हणायचं ते म्हण. तिच्या बाबतीत मला माहीत होतं.

आता तू विचारशील, का.

२०२१च्या एप्रिलात, करोनात, तुझी आई गेली, प्रभा. सिव्हिलच्या आवारात तू आणि मी उभे होतो, तोंडाला कापड बांधून. तू हैदराबादेहून कशी आलीस, मला अजून कळलेलं नाही. त्या वेळी तू याच जातीच्या लशीवर काम करत होतीस, करोनाच्या. आणि ऑगस्टात आपल्या देशात अशा जातीच्या पहिल्या लशीला परवानगी मिळाली. ती दुसऱ्यांची होती, तुमची नव्हती. पेपरात वाचून तू मला फोन केलास. इतकी आनंदात होतीस, म्हणालीस, "बाबा, जगात पहिल्यांदा माणसांसाठी." मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल.

मी म्हणालो, "चार महिने उशिरा. तुमची लस तुमच्यापाशीच ठेवा."

त्यानंतर तू फोन करत राहिलीस, दर रविवारी, पण लशीविषयी एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. मग यंदा डॉक्टर मृत्युंजयांच्या कागदावर तुमच्या कंपनीचं नाव दिसलं, आणि मला वाटलं, आता या पोरीचा निकाल मी लावतो. वळसंगच्या शाळेत माझा वर्ग अकरा वर्षं शंभर टक्के लागला होता. तुझा का लागू नये? एकाही कार्डावर डाग नाही, ताप नाही, गांध नाही. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. तुला मी फोनवर बोललो ते मला परत घेता येत नव्हतं, म्हणून मी हे दिलं.

तुला राग येईल. येऊ दे. मला तुझा आला आहे तो अजून गेला नाही. तू तुझ्या बापाचं अक्षर ओळखलंस आणि तासाभरात वर पाठवलंस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. पण आज उत्कर्षाच्या दारात मला एवढं कळलं, की तू तसं केलं नसतंस तर कोणीच केलं नसतं. मी तर नाहीच.

अर्ज अजून कोरा आहे.

बाबा


सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

वैदू,

अर्ज भरला. आज दुपारी मुख्य पोस्टातून स्पीड पोस्टानं जाईल, म्हणजे २६च्या आत मिळेल. समितीला जे लिहिलं तेच तुला इथे उतरवतो, कारण तुला ते आतून बघायला मिळणार नाही, आणि माझ्यामुळे तू तिथून बाहेर आहेस.

'मी, वेणीमाधव, वय पंचाहत्तर, निवृत्त शिक्षक. वळसंग येथील त्रेचाळीस कार्डं मी १२ ऑगस्टला एका बैठकीत भरली. ती खरी धरू नयेत. एकोणीस जणांचा निःपक्षपाती साक्षीदार म्हणून मी सही केली, त्या वेळी माझी मुलगी या कंपनीत आहे हे लपवलं. तिला याची कल्पना नव्हती. ओळखू आल्याबरोबर तिनं कळवलं. मथुराबाई यांना पहिल्या डोसनंतर दोन दिवस अंगभर पित्त उठलं होतं व डोळे सुजले होते. ते मी डोळ्यांनी पाहिलं व कार्डावर त्रास नाही असं लिहिलं.'

याच्या खाली आणखी एक आहे, ते लिहायला मला चार दिवस लागले. उत्कर्षालाही ते माहीत नाही, ती त्या वेळी बाहेर यादी लावत होती.

'२ सप्टेंबरला दुसऱ्या डोसआधी डॉक्टर मृत्युंजय यांनी मथुराबाईंना विचारलं, की मागच्या वेळी काही झालं होतं का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलायच्या आत मी म्हणालो, कार्डात सगळं आहे, काही नाही. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि डोस दिला.'

वैदू, ती माझ्याकडे बघत होती. तिला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं. बावीस वर्षं मी वर्गात एवढंच सांगत आलो, की ज्याला विचारलंय त्यानंच उत्तर द्यावं. वीस मिनिटांनी ती बाकावरून घसरली. ओठ निळे, छाती वरखाली, आवाज फुटेना. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, पाय वर धरायला लावले, गाडीत घालून सोलापूरला आणलं. मी शाळेच्या ओट्यावर तिची चप्पल हातात धरून उभा होतो. धुळाप्पानं माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी कंपनीलाही एक परिच्छेद लिहिला आहे, तो मी मागे घेणार नाही, तू कितीही सांगितलंस तरी. 'खोटी नोंद माझी आहे. पण जी माणसं वाचू शकत नाहीत त्यांना लिहायला कार्ड देणं, आणि तीन गावांना एक मुलगी देणं, ही योजना आपली आहे. उत्कर्षाला परत कामावर घ्यावं. आणि वळसंगला माणूस पाठवावा. मराठीत बोलणारा, कन्नड येत असेल तर बरंच. इंग्रजी पत्र पाठवून माणसं पुसता येत नाहीत. त्यांच्या अंगात आपण काय घातलं आणि आता काय होणार, हे त्यांना तोंडानं सांगावं.' हे वाचून साहेब लोक चिडले तर चिडू देत. मी गुन्हेगार आहे म्हणून ते निर्दोष होत नाहीत.

उद्या पहिल्या गाडीनं वळसंगला जाईन म्हणतो. मथुराबाईच्या दारात उभा राहीन. काय बोलायचं ते ठरवत आहे. पाठ करून जाणार नाही. तू शाळेत वक्तृत्वाला उभी राहायचीस तेव्हा मी तुला विंगेतून शब्द पुरवायचो, आणि एकदा तू स्टेजवरूनच म्हणाली होतीस, "बाबा, मला येतंय." सगळं सभागृह हसलं. मी घरी येईपर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो.

लशीचं काय होईल गं? खरंच विचारतो. एका बाईच्या गांध्यांवरून अकराशे लोकांचं थांबवतील, की तिच्यासारख्या माणसांना आधी ओळखून बाकीच्यांचं पुढे नेतील? थांबली तर डास काही थांबत नाहीत, पिंपं काही आटत नाहीत. मला लस हवी आहे, वैदू. तुझी म्हणूनही हवी आहे आणि मथुराबाईच्या नातीसारख्या पोरींसाठीही. फक्त ती माझ्या 'त्रास नाही'वर उभी राहू नये.

थांब, दार वाजतंय. पेपरवाला असेल, त्याचं बिल राहिलंय.

वैदू, पेपरवाला नव्हता.

मथुराबाई आली आहे. एकटी. डोक्यावर पदर, हातात पिशवी, वळसंगहून पावणेआठच्या गाडीनं. उत्कर्षाकडून पत्ता घेतला म्हणते. धुळाप्पाला सांगून आली नाही. मी हे तिच्यासमोरच लिहितो आहे, कारण मी आत ये म्हटलं तर ती आत येत नाही. उंबऱ्याबाहेर उभी आहे आणि टेबलावरच्या कागदाकडे बघते आहे.

"मास्तर, लिवताय व्हय?"

"हो. तुमचंच."

"वाचा की."

मी अर्ज वाचला, पहिल्या शब्दापासून. डॉक्टरांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं, तेही वाचलं. माफीचं काही बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हात आडवा केला.

"दोन दीस न्हाय," ती म्हणाली. "नागपंचमीपातुर हुतं. चार दीस. तुमी बुधवारी येऊन गेला, फुडं तुमाला काय म्हाईत? आन घसा आवळला हुता, त्ये कुटं हाय?"

"घसा?"

"तुमालाच सांगितलं हुतं की. परसात. म्हनलं, मास्तर, थुका गिळवंना, गळ्यात कुनी दोरी वडल्यावानी हुतंय. तुमी म्हनला, पानी प्या."

ती सांगत होती आणि मला ते परस दिसलं. तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. हा कागद मी आठवडाभर कोरा ठेवला, खरं लिहितो म्हणून स्वतःचंच कौतुक करत लिहिला, आणि डॉक्टरांना जे सगळ्यात आधी हवं ते यात आलंच नाही.

"बसा मथुराबाई," मी म्हटलं. "पाणी देतो. मग तुम्ही सांगा, मी लिहितो."

ती हलली नाही. बोट अर्जाकडे.

"आदी ते दोन दीस खोडा," ती म्हणाली. "मग बसते."